ताटलीची पाठ

सेंट पीटर्सबर्ग, ११ जानेवारी १९९४

ग्लेब,

आठ वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकीट जाड, आतला कागद त्याहून जाड, आणि वरच्या कोपऱ्यात सोनेरी शाईतलं एक चिन्ह. एक अस्वल उभं आहे आणि त्याने पंजात काहीतरी धरलं आहे. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा कळलं की तो उख्वात आहे. आपलं आडनाव ज्यावरून पडलं तो लोखंडी दुबेळका, चुलीतून तापलेलं मडकं ओढायचा. तेवढं तरी खरं ठेवलंस. पण उख्वातोव्हच्या शेवटी फ्रेंचांसारखे दोन 'एफ' आणि सुरुवातीला एक 'द' लावला म्हणून मडक्यात मेजवानी शिजत नाही.

पत्र तू जुन्या लिपीत लिहिलं आहेस. हे खूळ आता इथेही आलं आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल-बुटांच्या दुकानदारानेही पाटीवर क्रांतीआधीचं ते मुकं अक्षर लावून घेतलं, शब्दाच्या शेवटी यायचं आणि ज्याचा उच्चार काहीच नसायचा ते. पण त्याने निदान विचारून लावलं. ते अक्षर व्यंजनानंतर येतं, ग्लेब, स्वरानंतर येत नाही. तू ते 'आई' या शब्दालाही चिकटवलं आहेस. मी तेवढी एक ओळ तीनदा वाचली. आईच्या नावापुढे असली शेपटी पाहायला ती जिवंत नाही, हे बरं.

आता तुझी मागणी. तुला तिथल्या, फ्रान्समधल्या, रशियन खानदानी मंडळींच्या सभेत घ्यायचं की नाही, हे ईस्टरच्या जेवणानंतर ठरणार आहे. जेवण तुझ्या घरी. टेबलावर 'आमच्या आजोबांना राजवाड्यातून मिळालेल्या' ताटल्या. आणि त्या तशाच आहेत असा एक कागद, खाली सही माझी, कारण मी म्युझियममध्ये चिनी मातीच्या विभागात तेहतीस वर्षं घालवली. आजोबा दरबारी होते, असंही तू लिहिलं आहेस.

तू पाठवलेले फोटो मी आमच्या सामाईक स्वयंपाकघरात पाहत होते. तिथे रिम्मा झाखारोव्हना कोबी चिरत होती. तुला ती आठवत नसणार. पूर्वी ट्राम चालवायची, आमच्याच मजल्यावर तिची खोली आहे.

"कोण, पॅरिसवाला भाऊ?"

"नीसवाला."

"काय म्हणतोय?"

"आमचे आजोबा दरबारात होते म्हणतोय."

"झाडायला?"

"डिकन होते ते. चर्चमध्ये मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणायचे."

तिने ओल्या बोटांनी एक फोटो उचलला. "झारच्या ताटलीत कलिंगड? मग बिया कुठे थुंकायचा गं तो?"

फोटो पाच ताटल्यांचे आहेत. कलिंगड, भाजलेलं बदक, मधाचं पोळं, नाशपाती, कोबी भरून भाजलेला वाफाळता पिरोग. प्रत्येकीचा मागच्या बाजूनेही फोटो आहे. मागे हिरवा मुकुट, त्याखाली झारच्या नावाचं अक्षर आणि साल. बाकी पाठ कोरी.

त्या पाठी कोऱ्या नव्हत्या. झारच्या हिरव्या खुणेवर हिरव्या रंगाचा एक लंबगोल ठिपका होता, ती झाकायला काढलेला. त्याच्या शेजारी निळा विळा-हातोडा, खाली १९२१ आणि त्याखाली आईच्या बारीक हातातली 'के. टी.' ही अक्षरं. कपितोलिना त्रोइत्स्काया. सगळं गेलं कुठे? फोटोत चमक आल्यामुळे दिसत नाही, असं मी आज दिवसभर स्वतःला सांगते आहे. तू मला ते खरं आहे असं कळव.

आणि सहावी ताटली कुठे आहे?

मे महिन्यात म्युझियममध्ये उपासमारीच्या वर्षांतल्या चित्रकारांचं प्रदर्शन आहे. आमच्याकडे एक लांबट थाळी आहे, कांद्यांची. ती आईच्या हातची आहे. पण तिच्या पाठीवरचा नेमका सहीचा तुकडा फुटून गेला आहे आणि कार्डावर 'अज्ञात चित्रकर्ती' असं लिहिलं आहे. शेजारी आईच्या सहीची एक ताटली ठेवली तर हात तोच आहे हे कुणालाही दिसेल, आणि लेबलावर तिचं नाव येईल. मला फक्त एक ताटली हवी आहे. पाठीसकट.

अग्निया

३ फेब्रुवारी

ग्लेब,

म्हणजे चमक नव्हती. तू त्या घासल्यास.

'साफ केल्या' असा शब्द तू वापरला आहेस. दातांची पूड, बारीक पॉलिश पेपर आणि दोन रविवार. 'माझ्या टेबलावर कम्युनिस्टांची खूण मला चालणार नाही.' वा. १९७९ साली मोनिकशी लग्न करून निघालास तेव्हा विमानतळावर कस्टमच्या माणसाने ताटली उलटी केली होती. ती गोष्ट तूच मला फोनवर हसत हसत सांगितली होतीस. त्याने विळा-हातोडा पाहिला, 'आपलंच भांडं आहे' म्हणाला आणि सोडून दिलं. त्या खुणेनेच तुझ्या ताटल्या सरहद्दीपलीकडे गेल्या. नुसता मुकुट दिसला असता तर आज त्या आमच्या म्युझियमच्या तळघरात असत्या, आणि मला तुझी विनवणी करावी लागली नसती.

तू माझ्याबरोबर वाढलास, मी काय काम करते हे पाहिलंस, आणि तरीही तुला ताटलीची पाठ वाचता येत नाही. मग एकदाच लिहिते. हिरवी खूण काचेच्या थराखाली असते. कोरी पांढरी ताटली भाजताना ती बसते आणि ताटली फुटेपर्यंत राहते. ती फक्त एवढंच सांगते की ही पांढरी ताटली अमुक झारच्या काळात भट्टीतून निघाली. चित्र कधी काढलं, ते ती सांगत नाही. झार गेला तेव्हा कारखान्यात अशा कोऱ्या ताटल्यांच्या थप्प्या पडून होत्या. नवी माती नव्हती, सरपण नव्हतं. मग त्याच काढल्या, जुनी खूण झाकली, नवी वरून रंगवली आणि चित्रं काढली. पाठ राजाची आणि पोट आमचं. संग्राहक मंडळींना नेमकं हेच हवं असतं. एकाच पाठीवर दोन राज्यं शेजारी शेजारी. तू त्यातलं एक खरवडून काढलंस, आणि त्याच्याबरोबर आईचं नाव.

मुकुट जुना म्हणून चित्रही जुनं, असं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिलं तर मी त्याला वर्गाबाहेर पाठवायची. तू तर आपल्या वंशाचा इतिहासच त्यावर उभा केलास.

आता त्यातली एक गोष्ट. सहावी, हेरिंग माशाची ताटली तू घासली नाहीस. कारण काय, तर 'मासा फारच गरीब दिसतो'. ती टेबलावर मांडायचीच नाही आणि सध्या तिच्यात मोनिकची मांजर जेवते. त्या मांजरीला माझा नमस्कार सांग. तुमच्या घरात वस्तूचा उपयोग एकटीलाच कळला.

तू त्या ताटलीकडे कधी नीट पाहिलंस का? मासा वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. कागदावर छापील शब्द दिसतात, नव्या लिपीतले, तुझ्या त्या लाडक्या मुक्या अक्षराशिवाय. आई सतरा वर्षांची होती. कारखान्यात इतकी थंडी की रंग बोटांत धरून वितळवावा लागे. वरच्या बाईंनी सांगितलं होतं, 'जे खावंसं वाटतं ते काढा, हात चांगला चालेल.' कलिंगड, बदक, मध, सगळं तिने आठवणीतून काढलं. फक्त हेरिंग समोर ठेवून काढला, कारण आठवड्याच्या वाट्याला तेवढा एकच आला होता. चित्र पूर्ण होईपर्यंत तीन दिवस तिने त्याला हात लावला नाही. मग घरी नेला. आजोबांनी माशाचं डोकं खाल्लं, तिने शेपटी. या ताटल्या भट्टीत जरा वाकड्या झाल्या म्हणून कारखान्याने तिला नेऊ दिल्या. बाजारात न चालणारा माल. तुझा राजवाडा तो हाच.

ती ताटली मला पाठव. मी ती प्रदर्शनानंतर परत करीन.

तुझ्या कागदावर सही करणार नाही.

अग्निया

१ मार्च

ग्लेब,

काल तू फोनवर बोललास ते मी लिहून ठेवते आहे. उद्या तू म्हणशील की असं काही बोललोच नव्हतो. तुझी ती सवय लहानपणापासूनची आहे.

फोन सगळ्या खोल्यांच्या सामाईक बोळात आहे, तुला माहीत आहे. रिम्मा कानात प्राण आणून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अग्न्युशा, एक सही. असं काय आहे तिच्यात?"

"तेहतीस वर्षं आहेत."

"अगं, कोण बघणार आहे ती तुझी तेहतीस वर्षं? चौदा माणसं जेवायला येणार, ताटली उलटी करून बघणार, कागद बघणार, झालं."

"जेवायला आलेली माणसं ताटली उलटी करून बघतात? हे तुमचं खानदान?"

"तुला नाही कळायचं. इथे माणसाला विचारतात, तू कोण. तिथे कधी कुणी विचारलं नाही."

"इथे विचारायचे, ग्लेब. छापील फॉर्मवर विचारायचे."

तू मग म्हणालास, "सही करून पाठव, मासा दुसऱ्या दिवशी पोस्टात. नाही केलीस तर तोही घासतो. पूड उरली आहे माझ्याकडे."

मी म्हणाले, "तू आईच्या नावावर सौदा करतोस?"

"तू फार सोवळ्यात राहू नकोस. त्या लेबलाचं आईने मला सांगितलं होतं."

मग रिम्मा मागून म्हणाली, "ठेव गं फोन, नाहीतर मी बोलते त्या गव्हर्नरशी." आणि मी फोन ठेवला.

तू म्हणालास त्या लेबलाचा इथे काही संबंध नाही.

इन्ना बोरिसोव्हनाने, म्हणजे आता जी विभाग पाहते आणि एके काळी माझ्या हाताखाली शिकत होती तिने, कांद्यांच्या थाळीचं १९६१ चं कार्ड बाहेर काढलं आहे. तिने मला विचारलं, "हे कार्ड कुणी लिहिलं असेल?" मी म्हणाले, त्या वेळी बरेच जण लिहायचे. चहात मुरंबा घालून तिने कप माझ्याकडे सरकवला.

ईस्टरला अजून दोन महिने आहेत. एवढ्या दिवसांत तुला लाज वाटायला वेळ पुरेल, असं मला वाटत नाही. पण ताटली घासू नकोस. हे मी तुला सांगत नाही आहे, विचारते आहे.

अग्निया

२० मार्च

ग्लेब,

तुझा कागद आला. मसुदा वाचला. 'महाराजांच्या कृपेने', 'परंपरेने चालत आलेल्या'. खाली माझ्या नावासाठी ठिपक्यांची ओळ. तुझ्या ठिपक्यांवर मी सही केलेली नाही, पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका कागदावर केली. त्याबद्दल तुला कळवणं भाग आहे, कारण त्यामुळे तुझ्या सौद्यातली हवा गेली आहे.

तू म्हणालास ते खरं आहे. ते लेबल माझं.

म्युझियममध्ये अर्ज केला तेव्हा फॉर्मवर आईचं माहेरचं आडनाव विचारलं होतं. त्रोइत्स्काया लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला पुढचं विचारावंच लागलं नसतं. ते आडनाव चर्चच्या माणसांचंच असतं. डिकनची मुलगी म्हणून १९३५ साली तिला कारखान्यातून काढलं, मग शहरातून काढलं. तू जन्मलास ते गाव तुला 'आमची जहागीर' म्हणून सांगता येणार नाही, तेव्हा तिथलं तुझ्या मंडळींना बोलू नकोस. मी फॉर्मवर पेत्रोवा लिहिलं. शंभरातल्या दहा बायका पेत्रोवा असतात. मला नोकरी मिळाली.

चार महिन्यांनी ती थाळी आली आणि कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. कांद्याच्या साली पाहिल्याबरोबर मी ओळखलं. सही फुटून गेली होती, त्यामुळे 'अज्ञात' लिहिणं नियमात बसत होतं. ही एक गोष्ट मी स्वतःला तेहतीस वर्षं सांगत आले. पण नियमात हेही होतं की शेजारी ठेवून पाहायला दुसरी वस्तू मिळत असेल तर ती शोधावी. मला शोधायला लांब जायचं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी घरी त्याच हातच्या सहा ताटल्या धुऊन फळीवर ठेवल्या, सहीसकट. के. टी. लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं माहीत? म्हणून मी लिहिलं नाही.

त्या वर्षी शरदात आई म्युझियममध्ये आली. मला न सांगता, तिकीट काढून. थाळी काचेच्या कपाटात लावलेली होती आणि लेबलही माझ्याच हातचं होतं. मी तिथेच जवळ उभी होते. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, वाचलं. मग मला म्हणाली, "अक्षर छान आलंय." आणि पुढच्या कपाटाकडे गेली.

ती एवढंच बोलली. त्यानंतर सतरा वर्षं जगली, पण पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिने तुला सांगितलं होतं, हे मला तुझ्या फोनवरूनच कळलं. तुला काय म्हणाली ते मी विचारणार नाही.

तू पूड आणि पॉलिश पेपर घेऊन दोन रविवार खपलास. मला एक टाक आणि अर्धं मिनिट पुरलं. तुझ्याबद्दल मला जी किळस वाटते ती खरी आहे आणि ती जायची नाही, पण गेले दोन महिने मी ती सगळी तुझ्याच पत्त्यावर पाठवत होते, हे मात्र बरोबर नव्हतं.

मी इन्नाकडे गेले. लेखी निवेदन दिलं की १९६१ चं कार्ड मी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं, का लिहिलं, आणि ही थाळी कपितोलिना येगोरोव्हना त्रोइत्स्काया हिची आहे, जी माझी आई. इन्नाने वाचलं.

"अग्निया पावलोव्हना, ते कार्ड तुमचं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्यासारखा 'द' या शहरात कुणी काढत नाही."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगावं म्हणून."

मी तिला शिकवलं होतं. बरं शिकवलं असावं.

याचा परिणाम असा झाला आहे की मी ओळख पटवून सह्या केलेली सगळी कार्डं आता पुन्हा तपासणार आहेत. चारशेच्या वर आहेत. जाणकारांच्या समितीतून मी स्वतःहून बाहेर पडले. तेव्हा तुझ्या कागदावर माझी सही असती तरी आता तिचा उपयोग मोनिकच्या मांजरीलाही झाला नसता. सौदा संपला, ग्लेब. तुला विकत घेण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही, आणि मलाही तुझ्याकडून काही नको.

ईस्टरला जेव. चौदा माणसांना बदकाच्या चित्रावर बदक वाढ. कुणी ताटली उलटी केली आणि त्याला आमचं काम थोडंही येत असलं, तर काचेवर जिथे घासलंस तिथले निस्तेज डाग त्याला दिसतील. सभ्य माणूस असेल तर बोलणार नाही. तुझ्या नशिबी सभ्य माणूस येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

अग्निया

२३ मे

ग्लेब,

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. तुला घेतलं की नाही ते तू कळवलं नाहीस. मी विचारत नाही.

प्रदर्शन गेल्या शुक्रवारी उघडलं. रिम्मा माझ्याबरोबर आली होती, ट्रामच्या गणवेशाचा जुना कोट घालून. तो तिचा बाहेर जायचा कोट. ती थाळीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "कांदे बघून डोळ्यांत पाणी येतं हो, चिरलेले नसले तरी." आजूबाजूचे लोक हसले. मीही हसले. मग तिने लेबल मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबली.

"हे 'बहुधा' काय आहे?"

लेबलावर असं आहे: 'कपितोलिना येगोरोव्हना त्रोइत्स्काया (बहुधा), १९२१.'

इन्नाने मला आधीच सांगितलं होतं. तिचा दोष नाही. कारखान्याच्या वहीत शिकाऊ मुलींमध्ये आईचं नाव सापडलं, पण कुठली वस्तू कुणी रंगवली ते त्यात नाही. मग उरतं ते माझं निवेदन. आणि एकाच वस्तूबद्दल दोनदा दोन वेगळ्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईच्या शब्दावर कुठलंही म्युझियम 'बहुधा'च्या पलीकडे जात नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं. खरं तर मीच तिला तसं लिहायला शिकवलं आहे.

तरी तो शब्द मला सोसवत नाही. 'अज्ञात' होतं तोवर आई कुणीच नव्हती आणि तिला कुणी विचारतही नव्हतं. आता ती तिथे आहे आणि रोज शंभर माणसं तिच्यावर संशय घेऊन पुढच्या कपाटाकडे जातात.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला तुझ्याकडून काही नको. ते खोटं होतं. प्रदर्शन सप्टेंबरपर्यंत आहे. हेरिंगची ताटली शेजारी ठेवली आणि तिच्यावरची अक्षरं जुळली, तर इन्ना तो शब्द त्याच दिवशी काढेल, असं तिने मला सांगितलं आहे. या वेळी माझ्याकडे बदल्यात द्यायला काही नाही आणि तुला लाजवायलाही मी हे लिहीत नाही. त्यात मी आजवर फार शाई घालवली. तू आजपर्यंत बरंच काही पुसलंस, मीही पुसलं. हा एक शब्द असा आहे की तो पुसायला हवा, आणि तो तुलाच पुसता येईल.

फोनवर धमकी दिलीस तशी ती घासली असशील, तरीही पाठव. तिरप्या उजेडात इन्नाला काही ना काही दिसेल. तिचे डोळे चांगले आहेत.

कागदात गुंडाळू नकोस, सुती कपड्यात गुंडाळ. खोक्यात आडवी ठेवू नकोस, ताटली नेहमी उभी पाठवतात. कस्टमच्या कागदावर 'वापरातलं भांडं' असं लिही, ते खरंच आहे. आणि निघण्याआधी ती धुऊ नकोस. जशी असेल तशी येऊ दे. इथे मी धुईन.

तुझी बहीण,
अग्निया